तुम्ही विचारलंत म्हणून: नाग कशाला?

गणपतीची आरती झाली की पार्किंगमध्ये, कुणाच्या लग्नात, पेट्रोल भरताना, प्रश्न एकच. आधी बॉनेट उघडायला लावता, आत डोकावता आणि मग विचारता, "काका, इंजिन चार सिलिंडरचं, मग अंगावर एवढा नाग कशाला?" इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आता एकदा सगळं सांगून टाकतो.

गाडी इथे अमेरिकेत घेतलेली १९७६ ची फोर्ड मस्टँग टू आहे, वर कोब्रा टू, म्हणजे नुसत्या सजावटीचं पॅकेज. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, म्हणजे फेंडरवर, चिकटवलेला नाग. काळा रंग, सोनेरी पट्टे, पुढे एअर डॅम, मागे स्पॉयलर, मागच्या बाजूच्या काचांवर झडपा. बॉनेटवर हवा आत घेण्याचं तोंड आहे, ते आतून बंद. हे पॅकेज चार सिलिंडर, सहा सिलिंडरचं व्ही-६ किंवा आठ सिलिंडरचं ३०२ घन इंची व्ही-८, कुठल्याही इंजिनावर मिळायचं. माझं २.३ लिटरचं, नव्वदेक हॉर्सपॉवरचं. व्ही-८ घेतलं असतं तरी आकडा १४० च्या आतच होता. ज्या शेल्बी जीटी-३५० ची, म्हणजे मस्टँगवरूनच बनवलेल्या वेगवान गाडीची, आठवण म्हणून हे पट्टे काढले, तिला १९६५ साली ३०६ हॉर्सपॉवर होती. काळा-सोनेरी जोड तर १९६६ साली हर्ट्झ कंपनीने भाड्याने दिलेल्या शेल्बींचा. कपडे त्यांचे आणि अंगात त्यांचा जोर नाही, हे मला मान्य आहे.

पण "खोटी" म्हणालात की मी भांडणार. हे पॅकेज ज्या जिम वँगर्सच्या कंपनीने तयार केलं, त्याच माणसाने आधी पॉन्टिअक जीटीओ या दणकट इंजिनाच्या गाडीचा गाजावाजा केला होता. जीटीओपुढे तुम्ही हात जोडता. १९६४ ची जीटीओ तरी काय होती? पॉन्टिअकच्याच टेम्पेस्ट ल मान्स या साध्या गाडीवर घ्यायचं, तीनशे डॉलरच्या आतलं पॅकेज. त्यात ३८९ घन इंचांचं मोठं इंजिन यायचं, हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण मधल्या काळात काय काय झालं तेही बघा. मोठ्या इंजिनांचा विमा तरुणांच्या आवाक्याबाहेर गेला. १९७३ च्या ऑक्टोबरात तेल अडलं, पंपांवर रांगा लागल्या. १९७४ पासून देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. मला गावी दर महिन्याला पैसे पाठवायचे होते. माझ्यासारख्याला परवडेल असं जे उरलं होतं, ते मी घेतलं.

आणि ज्या गाडीला हसता, तिच्याच पुढच्या सस्पेन्शनची रचना हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाड्यांना नवं इंजिन-सांगाडा घालून वेगवान करणारे, आजही आपल्या गाड्यांना वापरतात. ते "मस्टँग टू" हेच नाव घेऊन मागतात.

शिराळ्याचं उत्तरही मी तुमच्यापैकी अनेकांना दिलंय. "मी बत्तीस शिराळ्याचा. नागपंचमीला आमच्याकडे जिवंत नाग मडक्यातून आणून पुजायचे. मला नाग कशाला विचारता?" ऐकणाऱ्याला ते पटायचं. खरं सांगायचं तर ते उत्तर मला पुष्कळ नंतर सुचलं. शोरूममध्ये उभा होतो तेव्हा शिराळा मनात नव्हतं. मनात होता कारखान्याचा पार्किंग लॉट आणि तिथे उभ्या असलेल्या इतरांच्या गाड्या. त्यांच्या रांगेत माझी गाडी लांबून ओळखू यावी, एवढंच हवं होतं.

त्याच लॉटमध्ये १९८३ च्या सप्टेंबरात ते घडलं. शिफ्ट सुटली होती. बरोबरच्या एकाने, मला न विचारता, बॉनेट वर केलं. सहा-सात जण जमले. त्याने आत पाहिलं, मग फेंडरवरच्या नागावर बोट ठेवून म्हणाला, "एवढ्या सापाला एवढंसंच काळीज?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला आजही टोचतं. बॉनेट लावलं आणि घरी आलो.

रविवारी हिचा हेअर ड्रायर घेतला, लांब वायर ओढली आणि फेंडरवरचा नाग तापवायला लागलो. सात वर्षं उन्हात वाळलेली चिकटपट्टी. अखंड सुटेना, नखाएवढे तुकडे निघायचे. प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडत होतो, चिकटा रॉकेलने पुसत होतो. डावी बाजू संपायला दुपार झाली. दाराखाली लिहिलेलं "कोब्रा टू" हे नाव निघायला संध्याकाळ. उजवी बाजू सोमवारी केली. बोटांची सालं गेली होती. मग गाडी धुतली आणि बघतच राहिलो. काळा रंग उन्हाने राखाडी झाला होता, आणि जिथे पट्टी होती तिथे नव्यासारखा कोळसा-काळा. फणा, वेटोळं, अक्षरं, सगळं जसंच्या तसं. आधीपेक्षा ठळक.

ही चहा घेऊन बाहेर आली. थोडा वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, "नाव पुसलंत, पण वाचता तर येतंय."

तेवीस वर्षं गाडी तशीच चालवली. त्या रविवारच्या माझ्यावर मी पुष्कळ चिडलोय. एका माणसाच्या एका वाक्यासाठी दोन दिवस स्वतःचीच वस्तू खरवडत बसलास? पण तोही मला उलटून विचारतो: सात वर्षं तू तरी कुणाला दाखवायला नाग मिरवत होतास? त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

२००६ साली नव्याने छापलेल्या पट्ट्यांचा संच मागवला आणि लावला. कुणी म्हणतं ३०२ बसव, म्हणजे नाग शोभेल. इंजिन मी बदलणार नाही. मी घेतलेली गाडी हीच आहे. नवी पट्टी जुन्या डागावर नेमकी बसलेली नाही. फण्याच्या कडेला, उजवीकडे, सुतभर काळी रेघ बाहेर राहते. जावई म्हणतो, एकदा पूर्ण रंग काढून घ्या, दिसणार नाही. गेल्या उन्हाळ्यात रंगाचा भाव विचारून आलो. अजून गाडी दिलेली नाही.