पाट्या संपेपर्यंत

लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरच्या ओडियन थिएटरात एका सिनेमाच्या प्रीमियरला गेले होते हे कळल्यापासून घरून एकच प्रश्न येतोय: हिरो किती जवळून दिसला? एकदाच सांगून टाकते. बऱ्यापैकी जवळून. दिग्दर्शकासोबत स्टेजवर आला, दोन मिनिटं बोलला, सगळ्यांचे आभार मानले आणि दिवे मालवायच्या आत बाजूच्या दाराने निघून गेला. इथे हे नेहमीचंच, असं मला तिकीट देणारी मैत्रीण म्हणाली. बाहेर सकाळपासून कठड्याला चिकटून उभ्या असलेल्या पोरांना त्याने जास्त वेळ दिला, हे त्यातल्या त्यात बरं. पण आपल्याकडे मराठी सिनेमाच्या प्रीमियरला नटमंडळी आपल्यातच बसतात आणि सुटल्यावर 'कसा वाटला?' विचारत दाराशी थांबतात, ते मला जास्त आवडतं.

थिएटर १९३७ सालचं, दर्शनी भाग काळ्या ग्रॅनाइटचा, वर उंच मनोरा. नूतनीकरणात खुर्च्या कमी करून ८०० च्या आसपास ठेवल्या, त्यामुळे पाय पसरून बसता येतं. इंटरव्हल नाही. असो.

मला सांगायचंय ते सिनेमा संपल्यानंतरचं. पाट्या, म्हणजे शेवटची नामावली, सुरू झाल्या आणि सवयीने मी पर्स उचलली. शेजारची बाई हललीसुद्धा नाही. कोणीच हललं नाही. टाळ्या झाल्या, विरल्या, आणि मग वर बाल्कनीच्या कोपऱ्यातून पाच-सहा जण एकदम ओरडले. पडद्यावर लाइटवाल्यांची नावं होती आणि ती माणसं तिथे बसली होती. मग उजवीकडून टाळ्या: कपडेपट. मागून शिट्टी: साउंडवाले, त्यात माझी मैत्रीण. सुतार, रंगारी, ड्रायव्हर, हिशेब ठेवणारे, सेटवर मुलांना शिकवणाऱ्या बाई. जेवण पुरवणाऱ्यांची नावं आली तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला एक दांडगा गृहस्थ चक्क उभाच राहिला. त्याच्या बायकोने फोन वर केला, तर कर्मचारी धावत आला आणि तिला तो पर्समध्ये ठेवायला लावला. नवऱ्याचं नाव पडद्यावर असताना तरी सोडायचं होतं हो एवढं!

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "आपल्याकडे पाट्या बघायला कोण थांबतंय?" खरं आहे, पण दोष प्रेक्षकाच्याच माथी का? निम्म्या पाट्या जायच्या आत दिवे लागतात, दारं उघडतात, झाडूवाला आत येतो, पुढच्या खेळाची माणसं बाहेर ताटकळत असतात. त्यात शेवटची लोकल. आणि इथलेही सगळे काही साधुसंत नाहीत. आमच्या उपनगरातल्या मल्टिप्लेक्समध्ये साध्या वारी रात्रीच्या खेळाला पाट्यांपाशी चिटपाखरू उरत नाही.

त्या जेवणवाल्याला टाळ्या पडल्या तेव्हा मला मात्र दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवल्या. दादासाहेब १९१२ साली कॅमेरा घ्यायला याच लंडनमध्ये आले होते. त्या काळी सिनेमावाल्यांच्या कचेऱ्यांनी भरलेली सेसिल कोर्टची गल्ली ओडियनपासून चालत काही मिनिटांवर आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या, शिवाय फिल्मला भोकं पाडायला, ती धुवायला मदत करायच्या. शेजारच्या बाईला हे सगळं मी पाट्या चालू असतानाच सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आमच्या भागात एक मराठी सिनेमा लागतोय, रविवारी दुपारी, एकच खेळ. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकलंय की या वेळी पाट्या संपेपर्यंत बसू या. आत्तापर्यंत दोन-चार अंगठे आलेत आणि एका काकांचा प्रश्न: पार्किंग तीन तासांचंच आहे, मग कसं करायचं?