नीरेचा पूल आणि नानांचा बुक्का

सराटीचा मुक्काम उरकला, नीरेत तुकोबांच्या पादुकांचं स्नान झालं आणि पूल ओलांडून आम्ही अकलूजकडं, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यात निघालो. पुलावर टाळ एका लयीत वाजत होते, पावलंही तशीच पडायला लागली, आणि माझ्या पुढचे नाना एकदम वेडंवाकडं चालायला लागले. मला वाटलं फोड फुटला की काय. तर म्हणाले, "आरं, फौजेत पुलावर पाय मिळवून चालत न्हाईत, मुद्दाम कदम तोडायचा, नायतर पूल हलतो. सवय हाय, जात न्हाई."

नाना रिटायर हवालदार. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं पंजाबात घुमानला गेलो होतो, नामदेव महाराजांचं दर्शन घ्यायला, आणि परत येताना नानांच्या हट्टापायी फिरोजपूरला उतरलो. मला कंटाळाच आला होता, खोटं कशाला बोलू. तिथून जवळच सतलजच्या काठावर हुसैनीवाला, अगदी बॉर्डरला लागून. 23 मार्च 1931 ला लाहोरात फाशी दिल्यावर भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना इंग्रजांनी इथंच गुपचूप जाळलं. राजगुरू आपले खेडचे, त्यामुळं समाधीपाशी मी जरा जास्तच थांबलो. फाळणीत ही जागा पलीकडं गेली होती, 1961 ला बारा गावं देऊन परत घेतली, हे मला तिथंच कळलं, शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

नाना मात्र पुलावरच रेंगाळलेले. 1971 च्या डिसेंबरात हल्ला आला, 15 पंजाब या पलटणीची पोरं इथं लढली, आणि शत्रू फिरोजपूरकडं सरकू नये म्हणून पूल आपल्याच लोकांनी उडवला. नवा पक्का पूल झाला थेट 2018 ला. मी विचारलं, मग जी पोरं पलीकडं होती त्यांचं काय? नाना काही बोललेच नाहीत. खिशातनं पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी काढली, चिमूटभर कठड्यावर ठेवला, वाऱ्यानं लगेच उडाला. बीएसएफचा जवान बघत होता, मला वाटलं आता हटकतोय, तर त्यानं टोपी मागं सारून कपाळ पुढं केलं.

आज नीरेवरही नाना मधोमध थांबले, पुडी काढली. मागनं ओरडा सुरू, "माउली चला पुढं, रिंगण गाठायचंय!" पावसानं पुडी भिजलेली, बुक्का बोटालाच चिकटला, नदीत काय पडेना. मग ते बोट नानांनी माझ्या कपाळाला पुसलं आन् म्हणाले, "चल."