पुठ्ठ्याचा टॅबलेट

सोमवार

टॅबलेट घ्यायचा का, हा प्रश्न आमच्याकडे गणपतीपासून लोंबकळतोय. लॅपटॉप आहे, प्रत्येकाच्या हातात फोन आहे, हॉलमध्ये टीव्ही आहे. मग आणखी एक पडदा कशाला, असं नवरा विचारतो, आणि त्याचं काही चुकत नाही. माझंच उत्तर लुळं पडतं. "घरात कुठेही बसून नेट बघता येईल," एवढंच मी म्हणते, आणि ते तोंडातून बाहेर पडताच मलाही ती उधळपट्टी वाटायला लागते.

म्हणून आज वही घेऊन बसले. घरात मी नेटवर नेमकं करते तरी काय?

विजेचं बिल, गॅस, भाजीवाल्याचे पैसे: हे सगळं फोनवर, आणि ते फोनवरच राहणार. यूपीआय ज्या सिमकार्डाशी जोडलेलं असतं ते त्याच उपकरणात लागतं. बिनसिमच्या वायफाय टॅबलेटवर ते चालूच होत नाही. त्यामुळे ही सगळी कामं यादीतून कट.

स्वयंपाक करताना पाककृती बघणं. प्रमाण तेवढं बघायचं असतं. त्याला फोन पुरतो, आणि पिठाचे हात लागलेच तर फोन पुसायला सोपा. हेही कट.

सकाळी ई-पेपर. इथे प्रश्नचिन्ह.

आणि रात्री माझा छंद. डोंबिवली-कल्याण-ठाण्याचं जुनं काय काय मिळेल ते वाचत बसायचं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी जिल्हा-माहितीग्रंथाचा, तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा, १८८२ चा, दोन भागांत. स्कॅन केलेला, फुकट वाचायला मिळतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. मराठी विश्वकोशाच्या नोंदी आहेत. यातला विश्वकोश फोनवरही छान वाचता येतो, कारण तिथे मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडून घेतो. स्कॅन केलेलं पान तसं काही करत नाही. ते चित्र असतं. दोन बोटांनी मोठं करायचं, ओळ संपली की डावीकडे ओढायचं, पुढची ओळ शोधायची, तोवर आधीचं वाक्य डोक्यातून गेलेलं. लॅपटॉपवर हे नीट दिसतं, पण दिवसभर ऑफिसात टेबलाशी बसून आल्यावर रात्री पुन्हा टेबलाशी बसायची इच्छा होत नाही.

म्हणजे मला "नेट बघायला" काही नकोच आहे. मला आडवं पडून पानं वाचायची आहेत. हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मग हे आधी का नाही बोललीस?"

मंगळवार

लेकीची जुनी फूटपट्टी काढली.

माझा फोन ६.७ इंची. ऐकायला केवढा मोठा वाटतो, पण हे माप कर्णाचं. रुंदी भरली ७ सेंटिमीटर. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. म्हणजे सरकारी अहवालाचं पूर्ण पान फोनवर उघडलं की अक्षर एक तृतीयांश होतं. बारा पॉइंटचा मजकूर चार पॉइंटचा. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं याहून बरी.

दुकानांच्या जाहिरातीत सध्या बहुतेक टॅबलेट ११ इंची, १६ : १० या आकाराचे. पायथागोरसला कामाला लावलं. रुंदी १४.८, उंची २३.७ सेंटिमीटर निघाली. १४.८ म्हणजे ए-फाइव्हची रुंदी. ए-फोर कागद मधोमध दुमडला की होते ती.

मग कपाटातली पुस्तकं मोजली. मराठी पुस्तकं बरीचशी डेमी आकाराची, १४ गुणिले साधारण साडेएकवीस. म्हणजे डेमी पुस्तकाचं पान या पडद्यावर खऱ्या आकारात मावतं, वर थोडी जागाही उरते. तेवढ्यानेच मी निम्मी पटले. ए-फोरचं पान सत्तर टक्क्यांवर येईल, बारा पॉइंटचं साडेआठ पॉइंट दिसेल. चष्मा लावून चालून जाईल.

ई-पेपरला मात्र टॅबलेटही पुरत नाही. आपल्या मोठ्या दैनिकांचं पान तेहतीस-पस्तीस सेंटिमीटर रुंद. अकरा इंचांवर ते निम्म्याहून लहान होणार, म्हणजे पुन्हा मोठं करणं आलं. टॅबलेट आडवा धरून तीन-चार रकाने एका वेळी वाचता येतील एवढंच. तेव्हा "पेपर बंद करू, टॅबलेटचे पैसे सुटतील" हा नवऱ्याचा हिशेब मी सध्या मानत नाहीये.

बुधवार

आज जरा वेडेपणा केला. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा टॅबलेटच्या बाहेरच्या मापाने कापला, त्यावर डेमी पुस्तकाच्या एका पानाची झेरॉक्स डकवली आणि मागे अर्धा किलो रव्याचं पाकीट चिकटपट्टीने घट्ट बांधलं. ११ इंची टॅबलेट साधारण ४८० ग्रॅमचा असतो. ॲपलचा साधा आयपॅड ४७७. अर्धा किलो हे माप त्यामुळे अगदी बरोबर. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक बनवणाऱ्या जेफ हॉकिन्सने नव्वदच्या दशकात लाकडाचा ठोकळा खिशात घालून असाच सराव केला होता. त्यामुळे लेक हसली तेव्हा मी तिला ऐतिहासिक दाखला दिला. "आई, त्याने ठोकळा नेला होता. रवा नाही," असं ती म्हणाली.

तर रव्यासकट घरभर फिरले. झोपाळ्यावर मांडीवर ठेवून: उत्तम. डायनिंग टेबलाशी: कशाला, तिथे लॅपटॉप आहे. पलंगावर उताणं पडून, एका हाताने, तोंडावर धरून: पाच-सात मिनिटांत मनगट बोलायला लागलं. दुकानदार जे कव्हर गळ्यात मारतात त्याचं वजन आणखी दोन-अडीचशे ग्रॅम. एकूण सातशेच्या घरात जातं. तेव्हा जाड कव्हर घ्यायचं नाही, आणि वाचायचं कुशीवर, उशीला टेकवून. तसं धरलं तर अडचण नाही.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुठ्ठा उभा केला तर भांडी ठेवायला जागा उरेना. पाककृती यादीतून कट केली ते बरंच झालं.

शेवटी खऱ्या गोष्टीकडे वळले. मागच्या खोलीत वायफाय पोहोचतं का? फोन घेऊन तपासलं. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे. मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर तिथे जवळपास काहीच नाही, २.४ वर रेंज आहे पण वेग कमी. जास्त वारंवारतेच्या लहरी भिंतीत लवकर विरतात, त्यामुळे हे असंच होणार. पलंगावर पडून वाचायला म्हणून टॅबलेट घ्यायचा आणि पलंगापाशीच नेट नाही, असं झालं असतं. नवऱ्याने राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजच्या तोंडाशी, उंचावर ठेवला. फरक पडला. या कामाचा खर्च एक लांब केबल.

गुरुवार

ऑफिसात ऑडिट. काही नाही. येताना लोकलमध्ये बाजूच्या मुलीकडे टॅबलेट होता, नोट्स काढत होती. एवढं मोठं उपकरण गर्दीत काढायची हिंमत तरुणपणीच असते.

शुक्रवार

आज आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "तो पहिला आहे की कपाटात, त्याचं काय?"

पहिला! विसरलेच होते. सात इंची, स्वस्तातला. त्या काळात टॅबलेटची लाटच आली होती. ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' नावाचा सरकारी टॅबलेट आणला आणि अडीच हजारांच्या आत टॅबलेट मिळतो हे देशाला कळलं. मग सगळ्यांनीच तसले काढले, आणि आम्हीही लेकीच्या नावाने एक घेतला. वर्षभर तिने त्यावर चित्रं रंगवली. नंतर अपडेट थांबले, ब्राउझर जुना झाला, एकेक साइट उघडेनाशी झाली, आणि शेवटी तो कपाटात गेला. आज काढून पाहिला तर बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय. लिथियमची बॅटरी फुगली की चार्जिंगला लावायची नसते, टोचायची नसते, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नसते. ई-कचऱ्यात द्यायचा म्हणून बाजूला ठेवला.

त्याच्यावरून एक शिकण्यासारखं आहे: अपडेट किती वर्षं देणार हे विचारूनच घ्यायचा. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमची नवी आवृत्तीदेखील अँड्रॉइड १० च्या खालच्या उपकरणांवर चालत नाही. पडद्याला ओरखडा नसला तरी टॅबलेट असा आतून म्हातारा होतो.

पण तो कपाटात गेला त्याचं दुसरंही कारण आहे, आणि मला तेच जास्त पटतं. मधल्या काळात फोन वाढले. २७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्ज सॅन फ्रान्सिस्कोत मंचावर ठेवलेल्या खुर्चीत रेलून बसला आणि पहिला आयपॅड मांडीवर घेऊन त्याने वेबसाइटी चाळून दाखवल्या. घरात बसून नेट बघणं म्हणजे काय, याचं चित्र तिथून जगाच्या डोक्यात बसलं. त्या वेळी त्याच्याच आयफोनचा पडदा साडेतीन इंची होता. क्षेत्रफळ काढलं तर माझा आजचा फोन त्याच्या तिप्पट भरतो. साडेतीन इंच आणि लॅपटॉप यांच्यामधे तेव्हा मोठं मैदान मोकळं होतं. आज तिथे एक गल्ली उरली आहे. ज्याला नुसत्या बातम्या, व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ बघायचे आहेत त्याने टॅबलेट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. नणंद विचारत होती, तिलाही तेच सांगितलं. तिला राग आला बहुतेक.

संध्याकाळी आईंना पुठ्ठा दाखवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या वाचतात, पण भिंग घेऊन. झेरॉक्सकडे बघून म्हणाल्या, "हे मोठं करता येतं?" येतं म्हटलं. "आणि चुकून कुठे दाबलं गेलं नि पैसे गेले तर?"

फोनला त्या याच भीतीने हात लावत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे फोनवरून खोट्या अटकेची भीती घालून पैसे उकळण्याच्या, बातम्या त्यांनी इतक्या वाचल्या आहेत की अनोळखी फोन आला की थेट कटच करतात. मी समजावलं की यात सिम नाही, बँक नाही, फोन येणार नाहीत, नुसती पुस्तकं. त्यांनी पुठ्ठा पुन्हा हातात घेतला. "रवा काढून टाक मागचा, मुंग्या लागतील," म्हणाल्या.

तेव्हा डोक्यात आलं की हा टॅबलेट माझा म्हणून घ्यायचाच नाही. फोन हा एकाचा असतो. त्यात त्याचे निरोप, त्याचे पैसे, त्याचं ऑफिस. दुसऱ्याच्या हातात दिला की जीव वर-खाली होतो. घरात सगळ्यांचा असा पडदा टीव्हीनंतर आलाच नाही. टॅबलेट तसा ठेवायचा तर त्यात प्रत्येकाचं वेगळं खातं हवं. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये तशी सोय असते, पण सगळ्याच कंपन्या ती देत नाहीत. आयपॅडमध्ये घरच्यांसाठी वेगळी खाती करताच येत नाहीत. मापं, वजन, किंमत यांच्या आधी आता ही अट.

रविवार

दुकानात चौघंही गेलो. फोनमध्ये गॅझेटियरचा एक भाग आणि एक मराठी स्कॅन घेऊन गेले होते. विक्रेत्याने आधी सिनेमाचा तुकडा लावला, चार स्पीकर कसे घुमतात ते ऐकवलं. मी म्हटलं, "दादा, ही फाइल उघडून द्या."

चार जीबी रॅमच्या (रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी) टॅबलेटवर पानं सरकवली की काही क्षण पांढरं दिसायचं, मग अक्षरं उमटायची. ब्राउझरमध्ये दुसरीकडे जाऊन परत आलं की पान पुन्हा पहिल्यापासून लोड. आठ जीबीच्या टॅबलेटवर हे नाही. आयपॅड हातात घेतला आणि कबूल करायला हवं, पान त्यावरच सगळ्यांत सुंदर दिसलं. रुंदीला एक सेंटिमीटर जास्त आहे आणि आकार ए-फोर पानाच्या जवळचा, त्यामुळे वर-खाली पट्ट्या कमी उरतात. पण ३४,९०० रुपये, आणि खाती वेगळी नाहीत. ठेवला.

आठ जीबीच्या दोन टॅबलेटमध्ये सेटिंग उघडून बघितलं. एकात अनेक वापरकर्त्यांची सोय होती, दुसऱ्यात दिसलीच नाही. विक्रेत्यालाही ते नवीन होतं, तो म्हणाला, "मॅडम, हे कुणी विचारतच नाही." ज्यात सोय होती तो घेतला. वायफायवाला, बिनसिमचा. कव्हर साधं, पातळ.

परतताना रिक्षात खात्यांची वाटणी झाली. लेकीला तिचं वेगळं हवं, कुलूप लावून. नवरा म्हणे मला नको, मी फोनवर बघतो. बघू किती टिकतं ते. आईंच्या खात्यात पुस्तकं आणि विश्वकोश, बाकी सगळं काढून टाकायचं. रात्री त्यांना अक्षर मोठं करून दाखवलं. चार पानं वाचली, मग चष्मा काढून म्हणाल्या, "चांगला आहे. पण पेपर बंद करू नका हं. डब्यांखाली काय घालणार मग?"