जुना सान्सुई घेताना: आधी मागची पट्टी, मग गाणं

सान्सुई या जपानी कंपनीचा एयू-७१७, म्हणजे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, चॅनेलमागे ८५ वॅटचा ॲम्प (ॲम्प्लिफायर). विकणारा गाणं लावायच्या घाईत होता. मी आधी व्होल्ट-हर्ट्झ लिहिलेली मागची पट्टी वाचली, कारण निम्मा व्यवहार तिथेच ठरतो.

जपानमधल्या घरगुती विक्रीचा माल १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा. आपल्या बाजारातला स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) बहुधा २३० चे ११० करतो. रात्री लाइन २४५ वर चढली की त्यातून ११७ निघतात, म्हणजे १०० च्या सेटला सतरा टक्के जास्त. चाळिशी ओलांडलेले फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारे भाग) हे किती दिवस सोसणार? अशा सेटला २३०/१०० चा ट्रान्सफॉर्मर बांधूनच घ्यावा, निदान ५०० व्हीए (व्होल्ट-ॲम्पिअर) क्षमतेचा. पट्टीवर नुसतं ६० हर्ट्झ असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो आणि गुणगुणतो.

मग झाकण उघडलं. कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग दिसले की लोक ‘गळलाय’ म्हणतात. बहुतेकदा तो कारखान्यात लावलेला गोंद असतो. पण तोही निरुपद्रवी नाही. जुना झाला की थोडी वीज वाहू देतो आणि शेजारच्या डायोड-रेझिस्टरचे पाय खातो. खरवडून काढावाच लागतो.

पहिल्यांदा चालू करताना २३० च्या बाजूला १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडला (एलईडी चालत नाही). बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर बल्ब काढून, स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून पंधरा मिनिटं तापू दिलं आणि स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी (स्पीकरला घातक असलेलं एकाच दिशेचं व्होल्टेज) मोजलं. ५० मिलिव्होल्टच्या आत चालतं, शंभरच्या वर काम निघतं. माझ्या मते स्थिर ४० परवडले. १० वरून ६० वर उड्या मारणारा आकडा म्हणजे इनपुटचे ट्रान्झिस्टर थकलेत किंवा ट्रिमर (हा आकडा जुळवायचा छोटा फिरता रेझिस्टर) खराब झालाय.

गाणं सगळ्यात शेवटी, तेही अगदी हळू आवाजात. एक बाजू गायब होऊन आवाज वाढवल्यावर परत आली, तर बहुधा रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे) पॉइंट काळे पडलेत. रिले स्वस्तात बदलतो. व्हॉल्यूमची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, त्यावर अडून बसू नये. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरचा खर्च मात्र किमतीतून वजा करून मागावा. आतला पॉवर ट्रान्सफॉर्मरच जळका वास मारत असेल, तर फुकटातही नको; तसाच दुसरा मिळणं फार कठीण.