एकतीस मार्च, चैत्र शुद्ध द्वितीया

सोमवार, ३१ मार्च २०२५

पहाटे साडेपाचच्या सुमारास आडाच्या कडेच्या कडुनिंबावर कोकीळ ओरडू लागला. अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या मनात पहिला विचार आला तो देयकांचा. निवृत्त होऊन तिसरे वर्ष सरत आले, तरी या तारखेला शरीर आपोआप दचकून जागे होते. कोषागारातील नोकरीत १९९० पासून २०२२ पर्यंतचे ३३ मार्च मी पाहिले, आणि त्या प्रत्येक मार्चची आठवण म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड, टेबलावर चढत गेलेले गठ्ठे आणि खिडकीबाहेर उभे असलेले वेगवेगळ्या कार्यालयांचे लिपिक. मंजूर झालेला निधी ३१ मार्चपर्यंत खर्ची पडला नाही, तर तो व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. त्यामुळे जिल्ह्यातील सगळी कार्यालये शेवटच्या आठवड्यात देयके घेऊन येत, आणि शेवटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत आम्ही ती तपासून पारित करत असू. त्या कामाविषयी मला आजही आदर वाटतो, कारण त्या कागदांत कुणाचे वेतन होते, कुणाची शिष्यवृत्ती होती आणि कुणाच्या गावचा रस्ता होता. परंतु फाल्गुनाचा उत्तरार्ध आणि चैत्राचा आरंभ ही वर्षातील सर्वांत देखणी वेळ त्या ३३ वर्षांत मी एकदाही दिवसाउजेडी, स्वस्थपणे पाहिली नव्हती, हेही खरेच आहे.

आमचे गाव धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात, मांजरा नदीच्या काठी आहे. थोरले दीर आणि अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, यांनी शेती सांभाळली. हे प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि मी कोषागारात, म्हणून आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी राहिलो. पाडवा मार्चअखेरीच्या धांदलीत आला की अक्का सकाळच्या एसटीने पुरणपोळ्यांचा डबा पाठवायच्या. वाहकाच्या ओळखीवर तो डबा येई आणि कार्यालयातील आम्ही पाच-सहा जण तो रात्री नऊ वाजता उघडत असू. डब्याच्या झाकणाला आतून कडुनिंबाची चार पाने चिकटवलेली असत, कारण पाडव्याला कडुनिंब तोंडात गेलाच पाहिजे, अशी अक्कांची निष्ठा आहे. त्या वेळी मी ती पाने चावून घाईने पुढचे देयक उचलत असे. त्या दिवशी अक्कांनी तो स्वयंपाक शेतातून कडबा वाहून आल्यानंतर केला असेल, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. तो गावी राहायला आल्यावर, त्यांच्याबरोबर एक पूर्ण फाल्गुन काढल्यावर सुचला.

काल पाडवा होता. विश्वावसु संवत्सर सुरू झाले. गुढीची काठी नातीने धुतली, तांब्या मी घासला, आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खुर्चीत बसून कोणती डहाळी कुठे बांधायची ते सांगितले. त्यांचे वय आता ८६ आहे, पण गाठीचा हार तांब्याच्या किती खाली यावा, हे त्यांच्या नजरेला अजूनही बरोबर कळते. कडुनिंबाचा कोवळा पाला आणि फुले, गूळ, ओवा आणि हिंग एकत्र वाटून त्याची गोळी प्रत्येकाच्या हातावर ठेवण्यात आली. सात वर्षांच्या नातीने तोंड वाकडे केले खरे, पण गिळली.

पाडव्याला आमच्याकडे दुसरेही एक काम असते. सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, वर्ष पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच सुरू होते. वर्षाची ठरलेली रक्कम, त्यातून वेळोवेळी घेतलेली उचल, धान्य, कपडे, चपला, या सगळ्याचा हिशेब त्या दिवशी होतो आणि पुढचे साल ठरते. गेली दोन वर्षे तो हिशेब मी लिहिते. काल गुढीपुढे पाट मांडून, वही उघडून मी एकेक नोंद मोठ्याने वाचू लागले. एका उचलीपुढे मी 'पोळ्यानंतर' असे लिहिले होते. आमचे सालगडी शांतपणे म्हणाले, "न्हाई बाई, पोळ्याच्या आदल्या दिवशी घेतले व्हते. लेकीला दवाखान्यात न्यायचं व्हतं." रकमेत काहीही फरक पडत नव्हता. तरीही मी ती नोंद खोडली, त्यांच्यासमोर पुन्हा लिहिली आणि बाजूला सही केली. कोषागारात मी हजारो नोंदी तपासल्या, पण त्या पैशाचा माणूस माझ्यासमोर बसून 'तो दिवस असा नव्हता' असे सांगत आहे, हा अनुभव मला शेतावरच्या या वर्षअखेरीनेच दिला. त्यांची लेक आता बरी आहे. पुढचे साल ठरले, त्यांना पाण्याच्या तांब्यासोबत गूळ दिला, आणि ते घरी पुरणपोळी घेऊन गेले.

ज्वारीची रास पाडव्याच्या आधी घरात आली, हे या वर्षीचे मोठे समाधान. आमच्या ११ एकरांत खरिपाला आता सोयाबीनच जास्त असते, पण ३ एकरांत रब्बीची ज्वारी पेरायचीच, असा भाऊजींचा आग्रह आहे. काळ्या जमिनीत साठलेल्या पावसाळ्यातील ओलीवर ही ज्वारी हिवाळाभर वाढते. जमिनीला हाताची बोटे जातील एवढ्या भेगा पडतात, तोवर ताटे वाळून कडक झालेली असतात. काढणी म्हणजे ताट मुळासकट उपटणे, आणि ते काम वाकूनच करावे लागते. मी पहिल्या वर्षी अर्धी पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, लावली आणि दोन दिवस झोपून राहिले. या वर्षी सकाळच्या वेळात अक्कांच्या शेजारची पात मी शेवटपर्यंत नेली. पेंढ्या बांधून, कणसे मोडून, खळ्यावर हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, आला आणि दोन तासांत रास पडली. कणसांची बारीक कूस अंगाला लागून दिवसभर खाज सुटते, ती खाजसुद्धा मला आवडू लागली आहे. १८ क्विंटल ज्वारी झाली. बी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी मोती' या वाणाचे होते. दाणा खरोखरच मोत्यासारखा टपोरा आहे, आणि त्याची भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. कडब्याची गंजी रचताना भाऊजी वर उभे होते, हे खालून पेंढ्या फेकत होते, आणि सत्तरी ओलांडलेले ते दोघे भाऊ एकमेकांना लहानपणीच्या टोपणनावांनी हाका मारत होते. मी धुऱ्यावर बसून ते ऐकत राहिले.

रास घरात येईपर्यंत आभाळाकडे पाहायचे, ही सवय इथे सगळ्यांनाच आहे. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा आमची उभी ज्वारी आडवी झाली आणि आंब्याचा मोहोर झडून गेला. मला ती बातमी कार्यालयात फोनवर कळली. अक्का एवढेच म्हणाल्या, "समदं झोपलं बाई." त्या एका वाक्यामागचे शेत मी तेव्हा पाहायला गेले नाही, कारण मार्च होता. आज तेच शेत दोन्ही डोळे भरून पाहताना ती रुखरुख वाटते, आणि ती वाटणे योग्यच आहे.

होळीची हकिकत लिहायची राहून गेली होती. १३ तारखेला होळी पेटली. त्याच्या आदल्या रविवारी मुलगा, सून आणि नात पुण्याहून आले, तेव्हा आम्ही सगळे येडशीच्या रामलिंगला गेलो. बालाघाटाच्या त्या उतारांवर पळस फुलला होता. 'पळसाला पाने तीनच' असे आपण म्हणतो, पण फाल्गुनात बहुतेक झाडांवर तीही नसतात. काळ्या, वाकड्या फांद्यांवर नुसती केशरी फुले असतात आणि त्यांत शिंजीर पक्षी चोच खुपसून मध पीत असतात. नातीला तो चिमुकला, चमकदार पक्षी दाखवायला मला दहा मिनिटे लागली. एकदा दिसल्यावर ती अर्धा तास हलली नाही. जंगलातले काहीही तोडायचे नाही, म्हणून फुले आम्ही तिथून आणली नाहीत. आमच्या बांधावर पळसाची दोन झाडे आहेत, त्यांखाली पडलेली फुले तिने टोपलीभर वेचली. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ती उकळली की गर्द केशरी पिवळा रंग उतरतो. धुळवडीला आणि रंगपंचमीला तिने तोच रंग वापरला. आत्याबाईंच्या पांढऱ्या लुगड्याच्या पदरावर तिने लावलेली पाच बोटे अजून पुसट दिसतात आणि ते लुगडे धुताना कुणी फार घासू नये, अशी त्यांची ताकीद आहे. नात शाळेसाठी परत गेली, आणि पाडव्याच्या दोन दिवसांच्या सुटीला पुन्हा आली.

आज सकाळी ईदही होती. शेजारच्या चाचींनी आठ वाजताच शीरखुर्म्याचे पातेले पाठवले. त्यांच्या घरचा शेवयांचा पाट आणि आमच्या घरचा कुरडयांचा सोऱ्या दर उन्हाळ्यात या दारातून त्या दारात फिरत असतो. माझ्या लग्नाच्याही आधीपासून, असे आत्याबाई सांगतात. नातीने काल गुढीला लावलेल्या गाठीतील निम्मी गाठ कागदात बांधून त्यांच्या नातवंडांना नेऊन दिली आणि येताना ईदी म्हणून पन्नास रुपये घेऊन आली. तिने ते पैसे कुठे ठेवावेत, यावर दिवसभर विचार चालू होता.

द्वितीया सकाळीच संपून तृतीया लागली, म्हणून चैत्रगौरही आजच बसवली. माजघरातील लाकडी झोपाळा वर्षातून एकदाच काढतात. तो मी तेलाने पुसला आणि अन्नपूर्णेची पितळी मूर्ती त्यात ठेवली. तुळशीपुढचे चैत्रांगण पूर्वी आत्याबाई काढायच्या. आता त्यांचा हात कापतो, म्हणून त्या सांगत होत्या आणि मी काढत होते: आधी गौरीचा झोपाळा, मग सूर्य, चंद्र, कासव, नाग, गोपद्मे, तुळशीवृंदावन. माझ्या कासवाचे पाय फार लांब झाले. त्या म्हणाल्या, "राहू दे. लवकर पोचंल." अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत गौर झोपाळ्यावर राहील. तेवढ्या दिवसांत एका शुक्रवारी हळदीकुंकू करायचे आहे. आंब्याची डाळ आणि पन्हे यांना लागणाऱ्या कैऱ्या आमच्याच गावरान झाडाच्या असतील. या वर्षी गारा पडल्या नाहीत, त्यामुळे त्या झाडावर कैऱ्यांचे घोसच्या घोस आहेत. बारा तारखेच्या चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जाऊन तिथल्या प्रथेप्रमाणे चुन्याचे खडे वेचण्याचा अक्कांचा बेत आहे. ३३ वर्षांत मी त्यांच्याबरोबर एकदाही गेले नव्हते, गेल्या वर्षीपासून जाते.

दुपारी ऊन चढल्यावर हे कडुनिंबाखालच्या मातीच्या परळांत पाणी भरतात. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल सगळे येतात. तांबट मात्र पाण्यावर सहसा दिसत नाही. तो उंबराच्या शेंड्यावर बसून भर उन्हात, तांब्याचे भांडे ठोकावे तसा 'टुक टुक' करत राहतो. अक्का आणि मी ओट्यावर चिंचा फोडत बसतो. चिंचोका वेगळा, शिरा वेगळ्या, गर वेगळा. बोलणे फारसे होत नाही. काल त्या मध्येच म्हणाल्या, "डब्यातला कडुनिंब खात व्हतीस का फेकत व्हतीस?" मी सांगितले की खात होते. त्यांनी मान हलवली आणि पुढची चिंच घेतली.

परवा शनिवारी कुरडयांचे गहू भिजत घातले आहेत. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो तळाशी बसू द्यायचा, वरचे पाणी ओतून द्यायचे आणि दुसऱ्या पहाटे शिजवायचा. या सगळ्याला पाणी फार लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या एप्रिलमध्ये अक्कांनी घरात एकही कुरडई केली नव्हती, कारण गव्हाचे पाणी बदलणे म्हणजे पिण्याचे पाणी ओतून देणे होते. यंदा आडाला पाणी आहे. मी बदललेले गव्हाचे पाणीसुद्धा ओतून न देता लिंबाच्या आळ्यात घालते, आणि अक्कांनी त्याबद्दल काही म्हटले नाही, म्हणजे ते त्यांना पटले असावे.

आता रात्रीचे साडेनऊ झाले आहेत. अंगणात बाज टाकून, मांडीवर वही घेऊन लिहीत आहे. कडुनिंबाच्या फुलांचा वास खाली उतरला आहे. दिवसा तो जाणवत नाही, रात्री गार वारा सुटला की दाट होतो. नात माझ्या पायाशी झोपली आहे, मुठीत पन्नासची नोट आहे. उद्या दुपारच्या गाडीने ती पुण्याला जाणार आहे, पण चीक खाऊनच जाईन असे तिने बजावले आहे. गरम चिकावर तूप आणि गूळ घातलेले तिला फार आवडते. चीक बुधवारी शिजणार, हे तिला अजून कुणी सांगितलेले नाही. अक्कांना विचारून गव्हातले थोडे आजच रात्री वाटून पाहता येतील का, ते पाहते. दोन वाट्या चीक निघाला तरी सकाळी तिच्यापुरता पुरेल. आतून आत्याबाई विचारत आहेत, गव्हाचे पाणी बदलले का. अजून बदललेले नाही.