ड्रोसोफिलाचं पार्सल नागपुरात अडकतं तेव्हा

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बंगळुरूच्या एका उत्क्रांती प्रयोगशाळेतून ड्रोसोफिलाचा, म्हणजे प्रयोगांसाठी वाढवतात त्या इवल्याशा फळमाश्यांचा, जिवंत स्टॉक मागवला. गाइडची सही, बंगळुरूचा होकार, सगळं भराभर झालं. घोडं अडलं ते नागपुरात, कुरिअरच्या गोदामात.

खिडकीवरच्या काकांनी कागद वाचून पार्सल बाजूला सरकवलं. "फळमाशी? ताई, संत्र्याच्या बागेत गेली तर जबाबदार कोण?"

त्यांची काळजी खोटी नव्हती. बागायतदाराला रडवणारी फळमाशी असतेच. पण ती बॅक्ट्रोसेरा. झाडावरचं चांगलं फळ टोचून आत अंडी घालते. आमची ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर जेमतेम अडीच मिलिमीटरची, सडक्या, आंबलेल्या फळांवर वाढणारी. परोपरीने समजावलं. उत्तर एकच, "वरून लेखी आणा." वर म्हणजे कोणाकडून, हे कोणी सांगेना.

डोक्यावर तापलेला पत्रा, बाहेर मे महिना. या माश्यांना 25 अंश मानवतात. 30 च्या वर बराच काळ राहिल्या तर नरांची प्रजननक्षमता जाते. खोक्याच्या फटीतून कुपी दिसत होती. खाद्य काचेपासून सुटलेलं, अळ्या वर चढून कापसाच्या बोळ्याला चिकटलेल्या. जिवंत प्राणी अडवून ठेवायचे आणि काय हवं तेही सांगायचं नाही, याचा संताप अजून जात नाही.

शेवटी विभागप्रमुखांनी लेटरहेडवर लिहून दिलं: शास्त्रीय नाव, प्रयोगशाळेत वाढवलेल्या माश्या, संत्र्याची कीड नाही. खाली गोल शिक्का. पार्सल लगेच मिळालं. म्हणून असं पत्र आधीच बंगळुरूला पाठवा आणि खोक्यावर चिकटवून घ्या. आत एक प्रत वेगळी.

मोठ्या माश्या बऱ्याच मेल्या होत्या. पण कोषांतून नवी पिढी बाहेर आली, तेव्हा मी लॅबमध्ये ओरडलेच!

25 अंशांवर यांची पिढी साधारण 10 दिवसांची, म्हणजे वर्षात 35 च्या आसपास पिढ्या. प्रत्येक पिढीत कोषातून आधी निघणाऱ्याच माश्या पुढे वाढवत गेलं, की वाढीचा काळ कमी होत जातो का, हे मोजता येतं. नैसर्गिक निवडीचं तत्त्व पुस्तकात वाचणं वेगळं, इथे ते वहीतल्या आकड्यांत उतरतं.

आणि हो, नवा स्टॉक आला की काही पिढ्या वेगळा ठेवा. माइट्स (कोळ्यांच्या जातीचे अगदी बारीक जीव) शिरले तर जुने स्टॉकही जातात. केळं, गूळ, यीस्ट आणि घट्टपणासाठी अगार घालून खाद्य आदल्या दिवशीच शिजवून ठेवा. मागवायचंच असेल तर दिवाळीनंतर मागवा.