अर्ध्या इंचाला एक फूट

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर पहिली आठवली ती गुमटी, रेल्वे फाटकावरची गेटमनची खोली. 1978 साली, नववीत असताना, शाळेच्या प्रदर्शनासाठी मी श्योपूरच्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, एका तुकड्याची प्रतिकृती करायला घेतली होती. आमच्या ग्वाल्हेरात खेळातली गाडी म्हणजे जयविलास पॅलेसमधली, जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची. तिच्यावरची सुरई उचलली की ती थांबते. माझी पुठ्ठ्याची, आणि रूळ मोडक्या छत्रीच्या काड्यांचे.

प्रमाण ड्रॉइंगच्या सरांनी ठरवलं : अर्धा इंच म्हणजे एक फूट. खऱ्या रुळांत अंतर दोन फूट, म्हणजे माझ्या रुळांत बरोब्बर एक इंच. फाटकाजवळची गुमटी मात्र मी अंदाजानं केली. सर म्हणाले, "यात गेटमन राहतो की महाराज?"

फूटपट्टी घेऊन घोसीपुऱ्याकडच्या फाटकावर गेलो. "नाप के क्या करोगे, बेटा?" म्हणत गेटमनचाचांनी दोरीचं दुसरं टोक धरलं. गुमटी आठ फूट बाय सहा. दार जेमतेम साडेपाच फूट. उंचेपुरे चाचा वाकूनच आत शिरायचे.

दुसऱ्या गुमटीच्या भिंतींना दगडाचा खरखरीतपणा यावा म्हणून घासपेपर चिकटवला. फार खूश होतो मी! सरांनी बोट फिरवलं. "गुमटी लहान केलीस, वाळूचा कण कुठे लहान झाला?" मग इथल्याच दगडाचे दोन तुकडे एकमेकांवर घासले, भुकटी मलमलच्या फडक्यातून चाळली आणि ओल्या डिंकावर भुरभुरली. रंगही आपोआप आला. छत दोनदा वाकलं. खळ एकाच बाजूला लावली की पुठ्ठा वाळताना ओढला जातो, आतूनही कागद चिकटवावा लागतो, हे तेव्हा कळलं. बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं ज्वालामुखीला, तो धूर सोडत होता, त्याच्यापुढे कोण टिकणार!

छोटी लाइन 2020 साली बंद पडली. गुमटी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी कपाटावर आहे. परवा नातवानं तिचं दार मोजलं, पावणेतीन इंच. चोवीसनं गुणलं आणि विचारलं, "आजोबा, एवढ्याशा दारातून कुणी जायचं कसं?"

मी उठून वाकून दाखवलं.